दहा स, एक श

माझ्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळींत दहा स आहेत आणि एक श. मी कधी मोजले नव्हते, मला मोजायला लावले. चाळीस वर्षं गाणी लिहितेय, पोटासाठी छापखान्याची मुद्रितं तपासतेय. या चाळीस वर्षांत माझ्या गाण्यातलं कोणी कडवं काढलं, कोणी चंद्र काढला, एका महाभागाने तर नायिकाच काढून टाकली. पण अक्षर काढायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते कोणी, तर घरच्याच माणसांनी.

सगळं सांगते. फक्त मधे मधे बोलू नका, माझं टाळकं सटकतं.

माझा धाकटा भाऊ रेकॉर्डिस्ट आहे. राहत्या घराच्या खाली जिथे लोक गाडी ठेवतात तिथे त्याने भिंतींना कापूस आणि कापड ठोकून स्टुडिओ केला. आपल्याकडे म्हणतात ना, तानसेन होता आलं नाही तर कानसेन व्हावं, तसा हा खरोखरच झाला. गाण्याच्या धंद्यात त्याला सगळे कानसेनच म्हणतात. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर येतं. वीस व्हायोलिनं एकदम वाजत असताना तिसऱ्या रांगेतल्या कुणाची तार उतरलीय, हे तो चहा ढवळता ढवळता सांगायचा. गायक दारातून आत येऊन नुसता नमस्कार म्हणाला की हा म्हणायचा, काल झोप झाली नाही वाटतं. आणि खरंच झालेली नसायची. लोक त्याला थोडे घाबरूनच असायचे.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, गाते. आठ वर्षं ती दुसऱ्यांच्या गाण्यात मागे उभी राहून आ आ करत होती. नाहीतर मोठ्या गायिकेने काय गायचं ते तिला कळावं म्हणून आधी गाऊन ठेवायची, आणि मग हिचा आवाज पुसून त्या जागी मोठीचा भरायचे. पोरगी कधी कुरकुरली नाही. मी मात्र तिच्या वाटची भरपूर कुरकुरले. अखेर एका कंपनीने तिला स्वतःचं गाणं दिलं. शब्द माझे, आवाज तिचा, रेकॉर्डिंग बापाचं. म्हणजे घरचंच कार्य.

कंपनीकडून बोलणारा जो माणूस होता, त्याच्याकडे एकच शब्द होता, गुळगुळीत. आवाज गुळगुळीत हवा. मी मनातल्या मनात त्याचं नावच गुळगुळीत ठेवलं. पहिल्यांदा गाणं पाठवलं तर त्याने परत केलं, म्हणे टोचतंय. दुसऱ्यांदा पाठवलं तर म्हणे आता जास्त टोचतंय. शनिवारपर्यंत नीट करून द्या, नाहीतर हीच चाल आम्ही दुसऱ्या मुलीकडून दुसऱ्या स्टुडिओत गाऊन घेऊ. पोरीचं पहिलंवहिलं गाणं, आणि तेही दुसरीच्या तोंडी जाणार. मला तर दोन दिवस जेवण गेलं नाही.

मंगळवारी भावाने बोलावलं. त्याने निदान केलं होतं की दोष माइकचा आहे. मला सोफ्यावर बसवून समजावलं, ताई, गाणं ही एक साखळी असते. आधी गळा, मग माइक, मग माइकचा चिमुकला आवाज मोठा करणारी पेटी, मग उसळलेल्या आवाजाला खाली दाबणारी पेटी, मग यंत्र. यातली एक कडी बदलली की सगळं बदलतं. शिवाय आणखी एक पेटी असते, ती फक्त स आणि श यांचा गळा दाबते. तिच्यावर धूळ बसली होती. मी विचारलं, ही का नाही लावत. तो म्हणाला, काय गरज आहे.

आत काचेपलीकडे चार माइक ओळीने उभे केले होते. पहिला हातात धरून भाषण ठोकतात तसला. दुसरा जाडजूड, पोटात काचेची नळी असलेला. तो तापायला अर्धा तास लागतो आणि तोवर त्याच्यासमोर कोणी बोलायचंही नाही, इतके त्याचे लाड. तिसरा नवा, चांदीसारखा, सडपातळ. चौथा फार जुना, आत कागदापेक्षा पातळ धातूची पट्टी असलेला. याच्यावर फुंकर मारली तरी तो मरतो. भाऊ त्याला नावं ठेवायचा, म्हणायचा हा आवाज तोंडावर उशी दाबून गायल्यासारखा येतो, ठेवलाय आपला म्हातारा म्हणून.

पोरीने चारही माइकवर त्याच दोन ओळी गायल्या. ओळी अशा होत्या:

सांज सरली, सूर सरले, सावल्यांची साथ सुटली,
श्वास माझा सांगतो की आस अजुनी नाही तुटली.

स्वतःची स्तुती करू नये, पण ओळी वाईट नाहीत. भाऊ डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या, चांदीच्या माइकवर ती गायला लागली आणि पहिल्याच सांजेला माझ्या नुकत्याच भरलेल्या दाढेतून कळ गेली. सूर सरले म्हणताना दुसरी. साथ सुटली म्हणेपर्यंत मी गाल धरून बसले होते. भावाने डोळे उघडले आणि समाधानाने म्हणाला, हा घ्यायचा, लोणी आहे नुसतं. एवढ्यावर न थांबता त्याने एक नॉब उजवीकडे फिरवला. म्हणाला, वर थोडी हवा देतो. हवा म्हणजे आवाजाच्या अगदी वरच्या टोकाला असते ती झुळूक. त्या झुळकीने सगळे स असे धारदार झाले की मी उठूनच उभी राहिले.

मी म्हटलं, अरे टोचतंय. तो म्हणाला, ताई, शब्द तुझे, आवाज माझ्यावर सोड. यावर मी गप्प बसले. दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसलेलं मला माझ्या धंद्यात चालत नाही, म्हणून मीही खुपसत नाही. शिवाय वाटलं, आपलं वय एकसष्ट, दाढ ठणकतेय, आणि समोर साक्षात कानसेन. आपलंच काहीतरी चुकत असेल. पोरीला विचारलं तर ती स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाली, बाबा म्हणतात ते बरोबर असेल. ही तीच पोरगी, जिने नऊ वर्षांची असताना भर वर्गात बाईंची पेटी बेसूर आहे म्हणून सांगितलं होतं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी दाढेच्या तंद्रीत होते.

बुधवारी दुपारी ती एकटीच माझ्या घरी आली. मी खोकल्याच्या औषधाच्या माहितीपत्रकाची मुद्रितं तपासत होते. चहा नको म्हणाली आणि दोनदा प्यायली. मग म्हणाली, आत्या, बाबांनी सांगितलंय, गाण्यातले स काढ. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, श पण. आणि जमलं तर च, छ, ज, झ सुद्धा.

आता माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी तिला विचारलं, ळ ठेवला तर तुझ्या बापाची काही हरकत आहे का, का तोही त्याला नडतो. म्हटलं, त्याला सांग, अक्षरं काय बुटातले खडे आहेत का, एकेक काढून फेकायला. म्हटलं, माइक निवडता येत नाही म्हणून वर्णमालेवर राग, नाचता येईना अंगण वाकडं. बरंच काही म्हटलं, सगळं सांगत नाही. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि माझा दम संपल्यावर एवढंच म्हणाली, आत्या, शनिवार.

मग काय करता. बसले.

तुम्ही कधी स शिवाय प्रेमगीत लिहून बघा. सखा गेला, साजण गेला, स्वप्न गेलं, स्पर्श गेला, श्वास गेला. हसणं नाही, रुसणं नाही, आसवं नाहीत, विश्वास नाही. प्रेमात जे जे म्हणून करण्यासारखं आहे त्या सगळ्यात स तरी आहे नाहीतर श. ते काढल्यावर उरतं काय, तर लग्न, घर आणि भांडण. सहा तास डोकं आपटल्यावर हे उरलं:

ऊन गेले, गीत गेले, दूर गेली वाटही ती,
ऊर मला बोलते की ओढ नाही गेली पुरती.

दोन ओळींत चारदा गेले-गेली. घर बदलणाऱ्याच्या दाराशी उभं राहून सामान मोजल्यासारखं वाटत होतं. खाली माझं नाव घालायचीही मला लाज वाटली.

गुरुवारी सकाळी रेकॉर्डिंग. पोरगी आत चांदीच्या माइकसमोर, मी आणि भाऊ बाहेर. तिने त्या दोन ओळी गायल्या आणि भावाचा चेहरा उजळला. मागे टेकून मला म्हणाला, ताई, चाळीस वर्षांतलं हे तुझं सगळ्यात चांगलं गाणं आहे, एकेक अक्षर ऐकू येतंय, आधीचं कसं गुळमुळीत होतं.

गुळमुळीत. दहा स आणि एक श असलेल्या माझ्या ओळी गुळमुळीत, आणि हे सामानाचं गाणं सगळ्यात चांगलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तूच काढायला लावलेस ना स, मग आता कौतुक करायचा अधिकारही तुझाच. तो खुर्चीसकट माझ्याकडे वळला. म्हणाला, मी? मी कशाला स काढायला सांगेन? मला तर आत्ता तू सांगतेस म्हणून कळतंय की ते काढलेत.

तो खोटं बोलत नव्हता. लहानपणापासून बघतेय, खोटं बोलताना त्याची डावी भुवई उडते, ती जागच्या जागी होती. मी काचेतून आत पाहिलं. पोरीने डोक्यावरचा हेडफोन काढला होता आणि ती पुन्हा चपलांकडे बघत होती.

मी उठले आणि आत गेले. ते दार जाडजूड आहे, लागलं की बाहेरचं जग संपतं. मी काही विचारायच्या आधीच ती कुजबुजत म्हणाली, "आत्या, बाबांना स ऐकूच येत नाही. वर्ष होऊन गेलं."

मग तिने तशीच कुजबुजत भडाभडा सगळं सांगितलं. कपडे धुवायचं यंत्र काम संपलं की बारीक शिट्टी देतं, ती त्याला ऐकू येत नाही. माझी भावजय समजते की कपडे वाळत घालायला नकोत म्हणून तो कानाडोळा करतो, आणि त्यावरून रोज भांडण. वरचे बारीक आवाज त्याच्या कानातून गेलेत. त्यामुळे त्याला प्रत्येक गाणं मंद वाटतं, म्हणून तो प्रत्येक गाण्याला हवा देतो, आणि लोकांच्या कानाला भोकं पडतात. दोन जुनी गिऱ्हाइकं काही न बोलता दुसरीकडे गेली. हिने आपल्या परीने सगळे उपाय केले. मान बाजूला वळवून गायली, लांब उभी राहून गायली, स नुसता जिभेवर ठेवून गिळून टाकला. काही उपयोग होईना तेव्हा माझ्याकडे आली. गाण्यात स असणारच नाही, तर टोचणार कुठून.

मीही कुजबुजतच म्हटलं, मग वेडे, सांगितलं का नाहीस त्याला.

ती म्हणाली, "कानसेनला कोण सांगणार? त्यांच्याकडे दुसरं आहे काय, आत्या? गाणं गेलं तर जाऊ दे. मला दुसरं गाणं मिळेल. बाबांना दुसरे कान मिळणार नाहीत."

तेवढ्यात माझं लक्ष माइककडे गेलं. त्याचा लाल दिवा चालू होता. आम्ही दोघी घरातल्या सगळ्यात तिखट कानाच्या वस्तूपासून वीतभर अंतरावर उभ्या राहून घरातलं सगळ्यात मोठं गुपित बोललो होतो. त्या माइकला मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू जाते, पोटातली गुरगुर ऐकू जाते. या धंद्यातल्या माणसाने करायची ही सगळ्यात जुनी चूक. चालू माइकसमोर तोंड उघडून कितीतरी जणांनी मित्र गमावलेत, एका जोडप्याचा तर घटस्फोट झाला. मी हळूच वळून काचेतून पाहिलं.

भाऊ दोन मोठ्या स्पीकरसमोर बसला होता. आमच्या श्वासागणिक त्याच्या टेबलावरचे हिरवे दिवे खालीवर होत होते. आम्ही बघतोय म्हटल्यावर त्याने अंगठा वर केला, मग बटण दाबून आमच्याशी बोलला. म्हणाला, काय फुसफुस चाललीय दोघींची, काही समजत नाही, चला, सुरू करू या. कुजबूज म्हणजे नुसती हवा, आणि तीच त्याच्या कानातून गेली होती.

मला त्याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. आमचे वडील गेले तेव्हाही नाही, कारण तेव्हा निदान काय गेलंय ते त्यालाही माहीत होतं.

कान सोनारानेच टोचावेत, असं उगीच म्हणत नाहीत. पोरगी सांगू शकत नव्हती, बायकोला तो आळशी वाटत होता, गिऱ्हाइकं तर पळालीच होती. राहिले मी. मी बाहेर आले आणि त्याला म्हटलं, कागद-पेन घे, मी सांगते ते शब्द लिही. त्याला वाटलं मी गाणं बदलतेय. चांगलंय ते बदलू नकोस म्हणाला, पण पेन घेतलं. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि छापखान्यात सोबतिणीला वाचून दाखवते तसे एकेक शब्द, ना हळू ना मोठ्याने, सांगितले. सात. साप. शाल. सण. सूर.

तो भराभर लिहीत गेला. अक्षर त्याचं पहिल्यापासून माझ्याहून चांगलं. मी वळून कागद घेतला. त्यावर लिहिलं होतं, हात, ताप, ताल, पण, पूर.

पाच शब्दांत पाच चुका असलेलं मुद्रित माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासमोर आलं नव्हतं. हाताला सवय, पर्समधलं लाल पेन कधी बाहेर आलं कळलंही नाही. पाचही शब्द समासात नीट लिहिले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "मी हे बोलले होते."

त्याने कागद दोनदा वाचला. मग चिडला. म्हणाला, भिंतीकडे तोंड करून बोललीस, या भिंती आवाज खातात, मीच तसा कापूस भरलाय. मी म्हटलं, बरोबर आहे, भिंत फक्त स खाते आणि ताल तेवढा परत देते. मग म्हणाला, तुझं बोलणंच पुटपुटल्यासारखं आहे. सगळ्यांचंच झालंय. हल्ली बातम्या सांगणारेही तोंडातल्या तोंडात बोलतात. हे म्हणता म्हणता त्याचा आवाज उतरत गेला.

"दोन वर्षं मला वाटतंय, लोक नीट बोलायचं विसरलेत," तो म्हणाला. आणि मग, "पोरीला माहीत आहे?"

मी खोटं बोलू शकले असते. गाण्यांत याहून मोठं खोटं बोलले आहे. पण त्याची नजर माझ्या ओठांवर होती, आणि हे तो किती दिवस करतोय हे मला त्या क्षणी उमगलं. म्हटलं, "तिनेच स काढायला लावले. तुला कळू नये म्हणून."

त्याने गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर सरळ ठेवला. वाकडा झाला होता, पुन्हा सरळ केला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मग अर्थात माझ्याही.

मग त्याने बटण दाबून पोरीला बाहेर बोलावलं. मला वाटलं आता दोघं गळ्यात पडून रडणार, म्हणून मी रुमाल शोधायला लागले. पण आमच्या घराण्यात सरळ काही होत नाही. तो तिला म्हणाला, गाणं दोनदा परत आलं ते माझ्यामुळे, ते आपण नंतर बघू, आधी सांग या चारातला कोणता. तिने विचारही न करता चौथ्याकडे बोट केलं, उशीवाल्या म्हाताऱ्याकडे. म्हणजे बाईसाहेबांना मंगळवारपासून माहीत होतं. भावाचं तोंड उघडलं, त्या माइकबद्दलची वीस वर्षांची शिवी ओठांपर्यंत आली, आणि त्याने ती गिळली. मी पाहिलं, फार कष्टाने गिळली.

पण मग तो उठला, आणि त्यानंतर मी जे पाहिलं ते मला आवडलं. जुना माइक त्याने खोक्यातलं अंडं उचलावं तसा उचलून बसवला. पोरीच्या तोंडापासून वीत आणि चार बोटं, असं हाताने मोजून अंतर धरलं. माइक किंचित तिरका केला, म्हणाला, स हा वारा असतो, तो समोरून अंगावर घ्यायचा नाही, बाजूने जाऊ द्यायचा. या माइकचा आवाज फार बारीक, म्हणून तो मोठा करणारी पेटी बदलली. गळा दाबणाऱ्या पेटीवरची धूळ बाहीने पुसली. यातलं काहीही करायला त्याला कान लागले नाहीत. तीस वर्षं हातात आणि डोक्यात साठलेलं होतं ते. मी तोवर माझे दहा स आणि एक श गाण्यात परत नेऊन बसवले. त्यांना बघून मला भरून आलं.

पोरगी आत जाऊन गायची, बाहेर येऊन ऐकायची, आणि बाप तिच्या तोंडाकडे बघत नॉब फिरवायचा. थोडं कमी, थोडं जास्त, थांबा. एकदा त्याने ती पेटी इतकी आवळली की गाणं थांज थरली, थूर थरले असं बाहेर आलं. मी आणि पोरगी हसून हसून वाकलो. त्याला काय झालं ते ऐकू आलं नाही, पण आमच्याकडे बघून तोही हसला आणि निमूटपणे नॉब मागे आणला. सवयीने त्याचा हात दोनदा हवेच्या नॉबकडे गेला. दोन्ही वेळा पोरीने हातावर चापट मारली. दुसऱ्या वेळी जोरात मारली.

चार वाजता तिने पूर्ण गाणं ऐकलं आणि मान डोलावली. मी डोळे मिटून ऐकत होते, दाढ अगदी शांत. भाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. ज्याने आजवर शेकडो गायकांना त्यांचा आवाज कसा आहे ते सांगितलं, तो पोरीला विचारत होता, "कसा आहे गं आवाज?"

पोरीने गाण्याचा शेवट पुन्हा एकदा लावून ऐकला. मग म्हणाली, "गुळगुळीत नाहीये, बाबा. पण टोचत नाही. माझ्यासारखा आहे."

शनिवारी दुपारी कंपनीच्या गुळगुळीताचा फोन आला. भावाला फोनवर बोलताना अलीकडे स्पीकर लागतो, त्यामुळे आम्हीही ऐकत होतो. गाणं पसंत होतं, पुढच्या महिन्यात बाहेर काढणार होते. पोरीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तो माणूस खूश होऊन म्हणाला, आता कसं, गुळगुळीत झालं, शेवटी कानसेनांचे कान ते कानसेनांचे कान.

एवढं ऐकून भाऊ हो म्हणून मोकळा झाला असता तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पोरगी तर खुणेने सांगतच होती, घ्या ना बाबा, म्हणू दे त्याला. भावाने फोन जवळ ओढला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

तो माणूस म्हणाला, थांबा, मी बाहेर येतो. जिना उतरल्याचे आवाज आले, दार वाजलं, मग रस्त्यावरचे हॉर्न. त्याने ओरडून विचारलं, आता येतंय का.

"नाही हो. मला ऐकू येत नाही."

त्या भल्या माणसाने फोन ठेवला आणि दुसऱ्या फोनवरून लावला. आम्ही दोघी सोफ्याच्या उशीत तोंड खुपसून हसत होतो, पोटात दुखायला लागलं होतं. भावाने फोन उचलला आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने सांगितलं.

"अहो, फोन बरा आहे. मी बहिरा होत चाललोय. वरचे आवाज गेलेत माझे. हे गाणं माझ्या मुलीने ऐकून केलंय. मी फक्त ती सांगेल तशी बटणं फिरवली."

आमचं हसणं थांबलं. पलीकडे नुसते हॉर्न. इतकी वर्षं कमावलेलं नाव त्याने एका दमात रस्त्यावर ठेवलं होतं, आणि आता ते कोणी उचलणार की नाही, कळत नव्हतं. मग तो माणूस अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलला. भाऊ म्हणाला, काय, जरा मोठ्याने बोला. तेव्हा तो भर रस्त्यात उभा राहून ओरडला, ते सगळ्यांना ऐकू आलं.

"आमची आणखी तीन गाणी टोचतायत. तुमची मुलगी ऐकून देईल का, विचारा."

भाऊ पोरीकडे वळला आणि त्याने तिला रीतसर विचारलं, तुला वेळ आहे का. तिने नुसती मान हलवली.

"हो म्हणतेय," त्याने फोनवर सांगितलं.